फियाट घेतली, पण ती नव्हे

"बाबा, मी फियाट घेतली," असं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, "इंग्लंडात पद्मिनी कुठून मिळवलीस?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात फियाट म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, १०८९ सीसीचं इंजिन, ओढ मागच्या चाकांना. बाबांनी ती तेरा वर्षं चालवली आणि दर रविवारी बॉनेट उघडून तिच्याशी बोलले. मी २०२२ च्या ऑक्टोबरात घेतलेली फियाट वेगळ्याच गोत्रातली. फियाट कूपे २०व्ही टर्बो, १९९८ ची, पिवळी. किंमत लिहीत नाही, बायको वाचते.

मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो. गाड्यांच्याच क्षेत्रात नोकरी करतो, पण नोकरीत हात काळे होत नाहीत. दिवसभर स्क्रीनवर आलेख बघायचे. एकदा तरी एखादी गाडी स्वतःच्या हातानं उघडून परत जोडायची, एवढीच इच्छा होती. त्यासाठी यापेक्षा सोपी गाडी निवडता आली असती, हे पुढच्या दीड वर्षात बऱ्याच जणांनी मला सांगितलं.

ही गाडी १९९३ ते २००० या काळात बनली. बाहेरचा आकार क्रिस बँगल यांचा, तेव्हा ते फियाटच्या डिझाइन विभागात होते. चाकांच्या वरून सुरी फिरवल्यासारख्या तिरक्या चिरा, मागे चार गोल दिवे, बाजूला पेट्रोलच्या टाकीचं ॲल्युमिनियमचं उघडं झाकण. आतली सजावट आणि गाडीची जुळणी पिनिनफरिना या इटालियन कंपनीची. डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीच्याच रंगाचा पत्रा आहे. माझ्या गाडीत तो पिवळा आहे आणि उन्हाळ्यात तो काचेत दिसतो, पण त्याबद्दल तक्रार करवत नाही. या सगळ्या नटण्याखाली चौकट मात्र टिपो या घरगुती हॅचबॅकच्या वंशातली.

इथं जुनी गाडी घेताना एक सोय फार मोठी आहे. नंबर टाकला की दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, म्हणजे एमओटीचा, इतिहास फुकट दिसतो. गाडी किती मैल चालली, कशात नापास झाली, कशाबद्दल ताकीद मिळाली, सगळं. माझीच्या नावावर ९१ हजार मैल आणि बऱ्याच ताकिदी होत्या, पण गंजाचं नाव नव्हतं. विकणारा माणूस सरळ होता. फाइल हातात देताना म्हणाला, टायमिंग बेल्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) शेवटची पावती आठ वर्षांपूर्वीची आहे, तेवढं बघून घ्या. मी मान डोलावली. काय ऐकतोय ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

घरी येताना बर्मिंगहॅमला वळसा घातला. शहराच्या मध्यभागी धुराच्या युरो ४ या मानकाच्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना दिवसाला ८ पाउंड पडतात.

आधी गाडी चालते कशी ते सांगतो, कारण पुढचा सगळा उपद्व्याप त्यातूनच आला.

१९९८ सीसी, पाच सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, गॅरेट कंपनीचा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. २२० अश्वशक्ती मिनिटाला ५७५० फेऱ्यांना, पण खरा आकडा दुसरा आहे: ३१० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, तोही २५०० फेऱ्यांनाच. वजन १३०० किलोच्या थोडं वर. आणि ही सगळी ओढ पुढच्या दोन चाकांना. १९९६ पर्यंत या मॉडेलमध्ये चार सिलिंडरचं १६ व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन होतं, लान्सिया डेल्टा इंटेग्रालेच्या घराण्यातलं. इंटेग्रालेला ती ताकद चारी चाकांत वाटता यायची. कूपेला ती सोय नाही. पाच सिलिंडरचं इंजिन आलं, ताकद वाढली, चाकं दोनच राहिली.

पहिल्या आठवड्यात लेमिंग्टनजवळच्या एका गोल चौकात, रस्ता ओला असताना, मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. एक्झॉस्टचा वायू टर्बाइन फिरवेपर्यंत थांबावं लागतं, तो हा अवकाश. मी पाय आणखी दाबला, नवखा माणूस दाबतोच. मग सगळं एकदम आलं. आतलं चाक गरकन फिरलं, स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं आणि गाडी वळायचं सोडून सरळ कठड्याकडे निघाली. पाय उचलला, वाचलो. मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न वाजवला नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

कारण पुस्तकी आहे, फक्त ते मी पुस्तकातच वाचलं होतं. गाडी वेग घेते तेव्हा वजन मागे सरकतं. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं, त्यांच्यावरचाच भार कमी होतो. वळणावर आतल्या चाकावर तो आणखी कमी. साधा डिफरन्शियल (इंजिनाची ओढ दोन चाकांत वाटणारी गिअरांची जोडणी) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे हलकं चाक जेवढं पेलेल तेवढंच दुसऱ्याच्या वाट्याला येतं. फियाटनं टर्बोला यावर उपाय म्हणून व्हिस्कोड्राइव्ह दिलं. बंद डबीत भोकं पाडलेल्या चकत्या आणि त्यांच्याभोवती सिलिकॉनचा दाट द्रव. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की हा द्रव घुसळला जातो, विरोध करतो आणि पळणाऱ्या चाकाला दुसऱ्याशी बांधून ठेवायला बघतो. बघतो म्हणायचं कारण, फरक पडल्याशिवाय तो जागा होत नाही. आधी चाक घसरणार, मग डबी धरणार, आणि धरताना स्टिअरिंगला एक हिसका देणार. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर गाडी त्या बाजूचा वास घेत जाते.

मग मी रविवारी पहाटे फॉस वेवर जायला लागलो. रोमनांनी आखलेला रस्ता, मैलच्या मैल सरळ, मध्ये चढउतार. तिथं कळलं की या गाडीत पाय दाबण्याची वेळ महत्त्वाची, जोर नव्हे. वळणात शिरण्याआधी ब्रेक संपवायचे (पुढे ब्रेम्बोचे लाल कॅलिपर आहेत, ते फक्त दिसायला नाहीत), मध्यावर पोचण्याआधी जरासा पाय ठेवून टर्बोला उठवायचं, आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मगच उरलेलं मागायचं. तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी जी झेपावते, त्याला माझ्याकडे तरी मराठीत शब्द नाही. स्टिअरिंग मात्र सैल पण सोडायचं नाही आणि आवळूनही धरायचं नाही. बैलाचा कासरा धरतात तसं.

आणि आवाज. पाच सिलिंडर म्हणजे क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा, दर १४४ अंश फिरला की एक स्फोट. प्रत्येकाचा जोराचा दट्टा जवळपास १८० अंशांचा, म्हणजे एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. चार सिलिंडरमध्ये अशी साखळी जुळत नाही. स्फोटांचा क्रम १-२-४-५-३. शेजारी, मग उडी, पुन्हा शेजारी, पुन्हा उडी. त्यातून एक लंगडता, घोगरा ताल निघतो. सहा सिलिंडरसारखा गुळगुळीत नाही, चारसारखा सपाट नाही.

आता बेल्ट.

पाच सिलिंडर एका रांगेत, तेही आडवे, टिपोच्या रुंदीत. चारऐवजी पाच भांडी त्याच फळीवर मांडल्यावर कडेला किती जागा उरेल? एका बाजूला गिअरबॉक्स, दुसऱ्या बाजूला टायमिंग बेल्ट, आणि बेल्टच्या कव्हरपासून चौकटीच्या दांड्यापर्यंत माझी दोन बोटं कशीबशी जातात. जो निर्णय तो आवाज देतो, त्याच निर्णयामुळे बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं. आठ वर्षांची ती पावती रात्री झोपेत दिसायला लागली.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मेकॅनिक राहतात, वय बहात्तर. मी मनात त्यांना काका म्हणतो. तोंडावर नुसत्या नावानं हाक मारायची, हे अजून जड जातं. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, काम मी करणार नाही, मी खुर्चीत बसणार, तू करायचंस. फेब्रुवारीत सुरुवात केली. दोन शनिवार-रविवारांत होईल असं मला वाटलं होतं. पाच लागले.

पहिले दोन तर नुसते बोल्ट सोडवण्यात गेले. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पंचवीस हिवाळ्यांचं मीठ बोल्टांत बसलेलं. तेल मारायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पान्याला पाइप लावून जोर द्यायचा. एकाचं डोकं तुटलं. काका चहा पीत म्हणाले, "गुड, नाऊ यू नो हाऊ दॅट फील्स." शीतकाचं पाणी काढलं, नळ्या सोडल्या, ड्राइव्हशाफ्ट बाहेर, एक्झॉस्टचा पुढचा पाइप टर्बोपासून वेगळा, वायरिंगच्या प्रत्येक जोडाला चिकटपट्टी आणि नंबर. प्रत्येक टप्प्याचा फोटो. मग इंजिन सबफ्रेमसकट हळूहळू खाली. ते जमिनीवर टेकलं तेव्हा बॉनेटखालची पोकळी बघून पोटात गोळा आला. आपण हे उघडलंय, आता हे आपल्यालाच मिटायचंय.

बेल्ट काढला. वरून धडधाकट दिसत होता, उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी बारीक भेगा. आणखी किती चालला असता कोण जाणे.

यापुढचं काम नाजूक होतं. दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आणि क्रँक यांचं एकमेकांशी नातं एका अंशानंही हलता कामा नये. त्यासाठी खास लॉक मिळतात. कॅमशाफ्टवरची एक टोपी काढून तिच्या जागी लॉक बसवायचं, की शाफ्ट जागच्या जागी जखडला जातो. ते भाड्यानं आणले. बेल्टबरोबर टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंपही बदलला, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि पंपासाठी पुन्हा इंजिन उतरवायची ताकद माझ्यात नव्हती. ताण बसवून, लॉक काढून, मोठ्या पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवला. कुठं अडत नाही ना? पुन्हा लॉक बसतात का? एक बसलं, दुसरं केसभर हटून. काकांनी खुर्चीतून मान हलवली. सगळं परत. त्या रविवारी मी जेवलो नाही.

तिसऱ्या वेळी दोन्ही लॉक लोण्यासारखे आत गेले.

मार्चच्या शेवटी गाडी सुरू झाली. लगेच पुढच्या मंगळवारी एमओटी होती आणि मी छाती काढून गेलो. ब्रेक पास, दिवे पास, सस्पेन्शन पास. धुराच्या तपासणीत नापास. इंजिन अडीच ते तीन हजार फेऱ्यांवर धरून लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाची खूण, मोजतात, ती ०.९७ ते १.०३ मध्ये हवी. माझी १.०६. म्हणजे धुरात ऑक्सिजन जास्त. घरी येईपर्यंत मी मनात इंजेक्टर, सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सगळं बदलून झालो होतो, खर्चाचा आकडाही काढला होता.

काकांनी काही न बोलता एक रबरी नळी आणली, तिचं एक टोक कानाला लावलं, दुसरं गाडीखाली फिरवत नेलं आणि टर्बोखालच्या जोडापाशी थांबले. मला ऐकायला दिलं. फुस, फुस, फुस. तिथलं गास्केट, म्हणजे सांध्यातली फट बंद ठेवणारी चकती, मी जुनंच परत बसवलं होतं. चांगलं दिसतंय की, असं म्हणून. धूर ठोक्याठोक्यानं येतो, दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपात दाब पडतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. यंत्राला तीच हवा दिसली. इंजिन निर्दोष होतं. गास्केटची किंमत माझ्या दुपारच्या सँडविचपेक्षा कमी. दहा कामकाजी दिवसांच्या आत फेरतपासणीला गेलं की पूर्ण फी पुन्हा पडत नाही. गेलो. लॅम्डा १.००.

त्या शनिवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन सायलेन्सरपाशी धरला आणि बायकोला थोडी रेस द्यायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटून नीट ऐकलं. चांगलं मिनिटभर.

"गाडी झकास आहे," ते म्हणाले, "पण एक सिलिंडर मिस करतंय बघ. प्लग काढून साफ कर."