जाहीरनामा वाचताना विचारायचा प्रश्न: सही कुणाची?

निवडणूक जवळ आली की ‘अमुक पंतप्रधान झाला तर काय होईल’ यावर कट्ट्याकट्ट्यावर पैजा लागतात. चर्चा बहुतेक वेळा स्वभावावरच फिरते: खंबीर, मवाळ, हट्टी. धोरणाचा अंदाज बांधायचा असेल तर जाहीरनामा आणि पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक आश्वासनापुढे लिहावे, हे प्रत्यक्षात यायला कुणाकुणाची सही लागेल?

जिथे नुसती अधिसूचना पुरते, तिथे नेत्याचा कल सर्वांत आधी जाणवतो. कांदा बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, मग किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही), ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ऐन लोकसभा निवडणुकीत, ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेले. यातला एकही निर्णय संसदेतल्या मतदानासाठी थांबला नाही. बंदी परकीय व्यापार महासंचालनालयाची, शुल्क अर्थ मंत्रालयाचे. बंदी आल्याबरोबर लासलगावचे लिलाव थांबले. म्हणून उमेदवाराचे शेतीवरचे भाषण एक वेळ ऐकले नाही तरी चालेल, महागाईवरचे मात्र नीट ऐका. भाव दाबायचे ठरले की पहिला हात निर्यातीवर पडतो, पक्ष कुठलाही असो.

हमीभावही असाच. तो कायद्याने ठरत नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती निर्णय घेते. ‘उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा’ हे भाजपचे २०१४ चे आश्वासन. त्यात ‘खर्च’ म्हणजे कुठला, हे लिहिलेले नव्हते आणि सगळी गोम तिथेच होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपटीची घोषणा झाली, तेव्हा धरला तो ‘ए-२ अधिक एफएल’: बियाणे, खते, मजुरी यांचा खिशातून झालेला खर्च आणि घरच्यांच्या श्रमाचे मोल. ‘सी-२’ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही येते. २०१८-१९ च्या धानाचे आकडे घ्या. पहिल्या हिशेबाने क्विंटलला खर्च १,१६६ रुपये आणि हमीभाव १,७५०. सी-२ होता १,५६०, त्याची दीडपट २,३४०. एका शब्दाने क्विंटलमागे ५९० रुपयांचा फरक. शिवाय भाव जाहीर होणे वेगळे आणि खरेदी केंद्रावर माल घेतला जाणे वेगळे. सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, कारण पावसात भिजलेला माल केंद्रांवरून परत जात होता.

कायदा लागणार असेल तर राज्यसभेचे संख्याबळ काढून ठेवा. दर दोन वर्षांनी तिथले एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे लोकसभेतली लाट तिथे उशिरा पोहोचते. २०१४ मध्ये ३३६ खासदारांचे पाठबळ असूनही भूसंपादन कायद्यातला बदल राज्यसभेत अडला. वटहुकूम तीनदा काढला आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला तो व्यपगत झाला. धन विधेयकाला (कर आणि सरकारी खर्चाविषयीच्या विधेयकाला) राज्यसभा फक्त १४ दिवस थांबवू शकते, त्यामुळे २०१६ मध्ये आधारचा कायदा त्याच वाटेने नेला गेला. वाटेवरून वाद झाला, पण कायदा झाला.

जीएसटीचे दर कमी करू, असे म्हणणाऱ्याला जीएसटी परिषदेतले गणित विचारावे; दर तिथे केंद्र आणि राज्ये मिळून ठरवतात. केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. केंद्र अडवू शकते, एकट्याने करू शकत नाही.

पैशाच्या आश्वासनाला साधा गुणाकार लावावा. काँग्रेसची २०१९ ची ‘न्याय’ योजना: ५ कोटी कुटुंबे, वर्षाला ७२,००० रुपये, म्हणजे ३.६ लाख कोटी. त्या वर्षीची संरक्षणाची तरतूद, निवृत्तिवेतन वगळून, सुमारे ३ लाख कोटी होती. पण रकमेपेक्षा अवघड प्रश्न यादीचा होता: सर्वांत गरीब २० टक्के कोण, हे ठरवायला हाताशी होती २०११ ची सामाजिक-आर्थिक पाहणी. आठ वर्षांत घरे फुटतात, माणसे स्थलांतर करतात. जुन्या यादीवर वाटप केले तर खरे गरजू बाहेर राहतात आणि ओरड तहसील कचेरीत होते, दिल्लीत नाही. ‘केंद्राची योजना’ म्हणून जाहीर होणाऱ्या पुष्कळ योजनांत ६०:४० अशी वाटणी असते, हेही तपासावे. राज्याने आपले ४० टाकले नाहीत तर पुढचा हप्ता अडकतो.

सत्ता कुणाच्या टेकूवर आहे, हे तर पाहायलाच हवे. २०२४ मध्ये भाजपचे २४० खासदार आले, बहुमत हुकले आणि तेलुगू देसमसारख्या मित्रपक्षांचा टेकू लागला. जुलैच्या अर्थसंकल्पात आंध्र प्रदेशच्या अमरावती या राजधानीसाठी १५,००० कोटींची सोय झाली, ऑगस्टमध्ये वरिष्ठ सरकारी पदांवर बाहेरून थेट भरती करण्याची जाहिरात मागे घेतली गेली आणि वक्फ विधेयक संयुक्त समितीकडे गेले. पंतप्रधान तेच होते.

नवे सरकार आले की पहिला पूर्ण अर्थसंकल्प बहुधा जुलैत येतो. त्यातला आकडा वहीत टिपून ठेवावा आणि पुढच्या फेब्रुवारीत ‘सुधारित अंदाज’ या रकान्याशी ताडावा. जलजीवन मिशनला २०२४-२५ साठी ७०,१६३ कोटी दाखवले होते, सुधारित अंदाजात उरले २२,६९४ कोटी.