माझ्याकडे चार्ट नाही

"१७ किलो कसं उतरवलंत?" हे मला लिफ्टमध्ये विचारून झालं, लग्नात विचारून झालं, एकदा तर चंदनवाडीला मयताला उभा असताना विचारून झालं. त्यापाठोपाठ ठरलेलं, "चार्ट पाठवा ना व्हॉट्सॲपवर." मी "नाही पाठवत" म्हटलं की पुढचा प्रश्न तोंडावर येत नाही. तो बायकोच्या कानावरून माझ्याकडे येतो. "एवढा भाव का खातात हो तुमचे हे?"

परवा सोसायटीच्या मीटिंगनंतर पुन्हा तिघांनी जिन्यात गाठलं. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

काय खात होतो ते सगळ्यांना पाठ आहे. भात, पोळी, पाव, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, चिकन, पनीर, पालेभाज्या चालू. जानेवारी २०२२ मध्ये मी ९४ किलो होतो, दिवाळीला ७७. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.८ होती ती ५.९ झाली, तेही डायबेटिसची एकही गोळी न घेता. हे शेवटचं मी तेव्हा कॉलर ताठ करून सांगायचो. आजही सांगतो, पण कारण वेगळं आहे.

तेव्हाचा मी आज मला भेटलो असतो तर मीच लोकलचा डबा बदलून बसलो असतो. ऑफिसात कुणी डबा उघडला की मी त्यात डोकावून हिशोब करायचो. "तीन पोळ्या, वर भात, वर बटाट्याची भाजी. म्हणजे साखर, साखर आणि साखर." वडापावात खाण्याजोगं काय, तर मिरची, असा माझा विनोद होता आणि मी तो निदान चाळीस वेळा केला असेल. एकादशीला साबुदाणा, वरी, रताळं बघून "एकादशी आणि दुप्पट खाशी" हे आईचंच वाक्य आईला ऐकवलं होतं. ती हसली नव्हती.

आणि घरी दोन स्वयंपाक होत होते. फ्लॉवर किसायचा, वाफवायचा आणि त्याला भात म्हणायचं. बदामाच्या पिठाची भाकरी थापायची, जी तव्यावर जाईपर्यंत चारी बाजूंनी फुटते. निग्रह माझा, पण सकाळी पावणेसहाला किसणी घेऊन उभी कोण राहत होती? मुलाने एकदा जेवताना सहज विचारलं, "बाबांचं डाएट आहे की आईचं?" मी त्याला आवाज चढवून गप्प केलं.

आता, लो-कार्ब, म्हणजे पिष्टमय पदार्थ कमी करणं, थोतांड आहे असं मी म्हणतोय का? नाही. इथे मला दुसऱ्या बाजूची मंडळीही आपला समजू लागतात, तेही नको. आपल्या ताटात पिष्टमय पदार्थ फार, हे खरंच आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीत भारतीय माणसाच्या उष्मांकातले सुमारे ६२ टक्के तिथूनच येतात असं निघालं. वरण-भात, भाजी-पोळी, वर पापड, शेवटी पुन्हा दहीभात. त्यात डाळीचं वरण म्हणजे हळदीचं पाणी. मला या सवयीतून बाहेर काढलं ते भात सोडण्यानेच, बेताबेताने खाऊन नव्हे.

"सगळं खा, पण बेताने." मावशीपासून डॉक्टरपर्यंत सगळे हेच सांगतात आणि सांगणारे बहुतेक अंगाने सडसडीत असतात. मला बेत जमत नाही. २०१९ च्या गणपतीत गिरगावात मामाकडे "दोनच घेईन" म्हणून बसलो आणि अकरा मोदक खाल्ले. वर तूप. मामी कौतुकाने वाढत होती आणि मी प्रत्येकाला "हा शेवटचा" म्हणत होतो. शून्य मला जमतं. दोन जमत नाही. हा दुबळेपणा असेल तर असो.

पण पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो उतरलं तेव्हा मी जो जल्लोष केला, तो मात्र अडाणीपणाचा होता. पिष्टमय पदार्थ बंद झाले की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरून टाकतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते निघून जातं. म्हणजे पहिले किलो बरेचसे पाण्याचे. हे मला सहा महिन्यांनी कळलं, तोवर मी वीसेक लोकांना "एका आठवड्यात साडेतीन" सांगून बसलो होतो.

त्या वीसेकांत दादा होता.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बेस्टमधून निवृत्त, भांडुपला राहतो. डायबेटिस बारा वर्षांचा. जून २०२३ मध्ये मी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. त्याची साखर दोनशेवीसच्या खाली येत नव्हती. जेवण झाल्यावर मी वही मागितली. वहिनींनी किराण्याच्या हिशोबाची वही दिली, तिच्या मागच्या पानावर मी चार्ट लिहिला. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि बिनसाखरेची कॉफी. दुपारी मासे किंवा पनीर, भाजी, ताक. रात्री तसंच. खाली दोन रेघा ओढून "भात, पोळी, साखर, गूळ घरातून बाहेर" असं लिहिलं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांना विचारायचं का भाऊजी?" मी म्हणालो, "डॉक्टर काय, ते गोळ्याच वाढवणार."

हे वाक्य मी बोललो आहे. ते गाळून पुढचं सांगता येत नाही.

मग रोज सकाळी दादाचा मला फोटो यायचा, ग्लुकोमीटरच्या आकड्याचा. २१०. १७८. १५१. १२६. मी अंगठे पाठवत होतो. एका सकाळी ९८ आला तेव्हा तो फोटो मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "नऊ दिवस!!"

दहाव्या दिवशी पाऊस होता. त्या वर्षी तो उशिराच लागला होता. मी दाढी करत होतो, पावणेआठ वाजले असतील. वहिनींचा फोन. "भाऊजी, हे कसंतरीच बोलतायत." दादा फिरून आला होता, रोजची गोळी घेतली होती, अंडी खाल्ली होती. मग दूध आणायला खाली उतरला आणि वॉचमनशी भांडला. ज्या वॉचमनला दिवाळीला न चुकता पाकीट देतो, त्याची कॉलर धरली. वॉचमनला वाटलं, साहेब सकाळीच घेऊन आलेत. दोघांनी धरून वर आणला तेव्हा शर्ट घामाने पिळून काढण्यासारखा झाला होता.

मी म्हणालो, साखर तपासा. आकडा आला ४६.

सत्तरच्या खाली गेली की ताबडतोब काहीतरी गोड द्यायचं, हे मला माहीत होतं. डाएटबद्दल इतकं वाचलेल्या माणसाला हे माहीत नसेल? वहिनींनी विचारलं, "साखरेचं पाणी देऊ?" आणि मी म्हणालो, "थांबा. पट्टी खराब असेल, पुन्हा बघा."

का म्हणालो? त्यावर मी पुष्कळ विचार केलाय आणि दरवेळी वेगळं उत्तर काढलंय. घाबरलो म्हणून. पट्ट्या खरंच कधीकधी चुकतात म्हणून. पण खरं म्हणजे ४६ हा आकडा बरोबर असेल तर माझं वहीतलं पान चूक ठरत होतं, आणि तेवढ्यात मला ते मान्य करायचं नव्हतं. दुसरी पट्टी लावली. ४३.

"द्या द्या, साखर द्या, तीन-चार चमचे पाण्यात."

फोनवर भांड्यांचा आवाज. मग वहिनी म्हणाल्या, "साखर कुठंय भाऊजी? तुम्हीच काढायला लावलीत."

शेजारणीचं दार वाजवल्याचं मला फोनवर ऐकू आलं. पायऱ्यांवरून कुणीतरी धावल्याचं. त्या कॉलची वेळ मी नंतर बघितली, ६ मिनिटं ४० सेकंद. देव्हाऱ्यात खडीसाखरेची डबी होती, दोन हातांवर. ती वहिनींना त्या वेळी आठवली नाही. ती का आठवली नाही म्हणून त्या अजून स्वतःला बोल लावतात, आणि मी समोर बसून ऐकतो.

परळहून भांडुप, पावसात रखडत चाललेली स्लो लोकल. मी पोचलो तेव्हा दादा शेजारच्यांच्या खुर्चीवर बसून होता, बनियनवर साखरेच्या पाण्याचे ओघळ. मला बघून म्हणाला, "बाळ्या, आज ऑफिस नाही?"

जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. मला वाटत होतं तासाभरात सोडतील. त्याची गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तिचा अंमल बराच वेळ टिकतो. दुपारी सलाइन चालू असतानाच साखर पुन्हा घसरली. रात्रभर ठेवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई आणि आमच्यात झालेलं बोलणं फार मोठं नव्हतं.

"गोळी कमी केली होती?"

"नाही."

"आणि जेवणातला भात-पोळी?"

"बंद."

"कधीपासून?"

"दहा दिवस."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

दादा डोळे मिटून पडला होता. म्हणाला, "माझ्याच." त्याने माझं नाव घेतलं नाही. त्यापेक्षा घेतलं असतं तर बरं होतं.

त्या गोळीचा डोस दादा भात खातो असं धरून ठरवलेला होता. भात काढला, गोळी तीच राहिली. ताटात काय आहे ते गोळीला काय कळणार? मी गोळ्या घेत नव्हतो, म्हणून माझं निभावलं. माझ्या यशातला हा एवढा मोठा भाग आहे, असं मी दीड वर्ष कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला तो भाग वाटलाच नव्हता. कॉलर ताठ न करता आता तो सांगतो तो यासाठी.

बाईंनी निघताना आणखी एक सांगितलं, ते दादाला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. म्हणाल्या, पिष्टमय पदार्थ कमी करणं वाईट नाही, उलट यांना फायदाच होईल, पण आधी गोळ्यांचा डोस कमी करायला हवा, आणि तो त्यांच्या डॉक्टरांनी. म्हणजे माझा रस्ता अगदीच चुकीचा नव्हता. हे ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. दोन्ही एकाच वेळी, जिन्यावर, ओल्या छत्रीसकट.

तेव्हापासून चार्ट बंद. तुमच्या गोळ्या मला माहीत नाहीत, तुमची किडनी माहीत नाही, तुम्ही कुणाकुणाला काय सांगत नाही तेही माहीत नाही. शिवाय माझ्यासारखंच तुमचं होईल याला आधार काय? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना स्निग्ध पदार्थ कमी, काहींना पिष्टमय कमी. साखर आणि मैदा दोन्हीकडे टाळायला सांगितला होता, भाज्या भरपूर. वर्षाने दोन्हीकडची सरासरी घट पाच-सहा किलोंची, फरक म्हणावा असा नाही. पण दोन्ही गटांत काहींचं वजन वीस किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. मी आधी हा प्रयोग मोडीत काढायचो, कारण त्यात माझी बाजू जिंकत नव्हती. आता मला त्यात सरासरीपेक्षा ती दोन टोकं दिसतात. मी एका टोकाचा. तुम्ही कुठले ते तुमच्या लिफ्टमधल्या प्रश्नावरून मला कसं कळावं?

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, "म्हणजे तुम्हीही शेवटी बेतानेवालेच झालात." तसंही नाही. मी सध्या दुपारी वाटीभर भात खातो. वाटी ठरलेली, स्टीलची, काठाला पोचा पडलेली, तिच्यातच. बायको आता एकच स्वयंपाक करते. १७ मधले सहा किलो परत आलेत. एचबीए१सी ६.२ आहे. या आकड्यांना शहाणपण म्हणायचं की घसरण, यावर माझं आणि तेव्हाच्या माझं रोज रात्री एकदा तरी वाजतं. तो म्हणतो, घाबरलास आणि सोडलंस. मी म्हणतो, दादाचा शर्ट आठव. तो म्हणतो, दादाला गोळी होती, तुला कुठे आहे? याचं उत्तर माझ्याकडे नसतं. गणपतीत मी अजूनही मोदकांच्या ताटापासून लांबच्या खुर्चीवर बसतो.

आणि दादा? तो त्या दिवसापासून "सगळं खायचं, बेताने" पंथाचा. दोन पोळ्या, एक डाव भात, रविवारी जिलेबी अर्धी. अर्धी खरोखर अर्धी. त्याला ते जमतं. पण त्याचं एचबीए१सी गेल्या खेपेला ८.४ आलं. पायाला मुंग्या येतात म्हणतो. माझ्या चार्टने तो एक दिवस मरायला टेकला होता, हे खरं. या ८.४ ने हळूहळू काय होईल, त्याबद्दल मात्र घरात कुणी कुणाला फोन करत नाही.

गेल्या रविवारी भांडुपला गेलो होतो. वहिनींच्या स्वयंपाकघरात आता साखरेचे दोन डबे असतात, एक ओट्यावर आणि एक फ्रिजच्या डोक्यावर, कुणालाही सापडेल असा. बोंबील होते. जेवण आटोपत आलं तेव्हा दादा बोटं चाटत म्हणाला, "बाळ्या, ते तुझं पुन्हा करून बघायचं का रे? या वेळी डॉक्टरांना विचारून."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी माझ्यापुढचं ताट उचललं, त्यात अजून एक बोंबील होता, आणि आत निघून गेल्या.