भरल्या तोंडाचं गाणं

भांडणाची सुरुवात अंड्यावरून झाली.

लांबचा प्रवास होता. गाडी वहिनी चालवत होती, शेजारी दादा, मागे माझी मैत्रीण आणि मी. वेळ जाईना म्हणून खेळ काढला: पाळीपाळीनं प्रत्येकानं खाण्यावरचं एक गाणं लावायचं आणि उरलेल्या तिघांनी दहापैकी गुण द्यायचे. एवढ्या साध्या खेळात भांडायला जागा कुठे असणार, असं वाटलं होतं.

दादानं बीटल्सचं 'येस्टर्डे' लावलं.

"यात खाणं कुठाय?" वहिनी.

"होतं. नंतर काढलं." मग त्यानं सांगितलं की पॉल मॅकार्टनीला चाल आधी सुचली होती, शब्द नव्हते. चाल विसरायला होऊ नये म्हणून तो त्या जागी 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असे शब्द घालून गुणगुणायचा. १९६५ साली गाणं बाहेर आलं तोवर अंडी गेली होती आणि विरह आला होता.

"म्हणजे वाढण्याआधीच ताट उचललं," वहिनी म्हणाली. "शून्य."

"या चालीला शून्य?"

"चालीला कोण देतंय? मी अंड्यांना दिलं."

इथून पुढे गाणी कमी आणि युक्तिवाद जास्त झाले. वहिनीनं तिथल्या तिथे कसोटी ठरवली: गाण्यातला पदार्थ काढून त्याजागी दुसरं काहीही ठेवायचं, गाणं तसंच चाललं, तर ते खाण्याचं गाणं नाही. या कसोटीवर 'अमेरिकन पाय' लागलीच बाद झालं. साडेआठ मिनिटांचं ते गाणं १९५९च्या एका विमान अपघाताच्या आठवणीतून निघालंय आणि त्यातला पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, कुणी चाखतसुद्धा नाही. दादाला गाणं पूर्ण ऐकायचं होतं, पण बाद झालेल्याला साडेआठ मिनिटं कोण देणार?

मैत्रिणीनं सावता माळ्यांचा अभंग लावला. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी.' दादा अशा संधीची वाटच बघत होता. "हे भक्तीचं गाणं. कांद्याजागी दुसरं काही घाल, विठाबाई तशीच राहते. बाद."

"सोनं घालून बघ," ती म्हणाली.

दादानं मनातल्या मनात घालून बघितलं असावं, कारण तो गप्प झाला. तो माणूस मळ्यात राबणारा. स्वतः पेरलेलं, पाणी देऊन वाढवलेलं जे समोर उभं आहे तोच त्याचा देव. तिथे सोनं-मोती ठेवले की अभंग जागच्या जागी मरतो. आठ, आठ आणि दादाचे कुरकुरत सात.

त्यानंतर बहिणाबाईंचा तवा आला. मला वाटलं, हा वाद रंगणार, कारण तिथे तवा म्हणजे संसार आणि भाकरी म्हणजे सुख; सगळा दृष्टान्ताचाच कारभार. पण वहिनीनं समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "आधी हाताला चटके, मग भाकर. क्रम बरोबर आहे. नऊ." रोज स्वयंपाक करणाऱ्या परीक्षकापुढे अलंकारशास्त्र चालत नाही.

तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "एक लक्षात आलं का? यातलं कुणीच जेवत नाहीये."

आम्ही यादी परत काढली. सावता माळी पिकवताहेत. बहिणाबाईंच्या ओळींत हात अजून तव्याशी आहे. हॅरी बेलाफॉन्टेचं १९५६चं 'डे-ओ' आमचं आधीच वाजून झालं होतं (वहिनीचे नऊ). जमैकाच्या गोदीत रात्रभर जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या हमालांचं ते गाणं. उजाडलंय, माझी केळी मोज आणि मला घरी जाऊ दे, एवढंच त्यांचं मागणं. केळं कुणी सोलतसुद्धा नाही. १९२३च्या 'येस! वी हॅव नो बनानाज'मध्ये तर दुकानदाराकडे केळीच नाहीत, तरी तो 'नाही' म्हणायला तयार नाही.

"साहजिक आहे," दादा म्हणाला. "जेवणाऱ्याचं तोंड भरलेलं असतं."

मग नवा शोध सुरू झाला: स्वतः खाता खाता गाणारा एक तरी माणूस दाखवा. दादानं विअर्ड अल यांकोविकचं 'ईट इट' पुढे केलं. १९८४चं, मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'च्या चालीवरचं विडंबन. पण तिथेही गाणारा दुसऱ्यालाच दटावतोय, की मुकाट्यानं खा. मग बीटल्सचं 'सॅव्हॉय ट्रफल'. गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं चॉकलेटचं वेड बघून जॉर्ज हॅरिसननं ते लिहिलं. एकेका चॉकलेटचं नाव घेतो आणि शेवटी बजावतो, सगळे दात काढावे लागतील. इथेही खाणारा एक, गाणारा दुसरा. दंतवैद्याच्या बाजूनं लिहिलेलं मला माहीत असलेलं हे एकमेव गाणं, म्हणून मी एक गुण वाढवून दिला. त्यावर अर्थातच हरकत आली.

जर्मन संगीतकार बाखचा 'कॉफी कॅन्टाटा' मी सुचवला, म्हणजे वाद्यांच्या साथीनं गायची एक गोष्टच. अठराव्या शतकातली लीस्खन नावाची पोरगी कॉफीला हजार चुंबनांहून गोड म्हणते. बाप धमकावतो की कॉफी सोड, नाहीतर नवरा शोधणार नाही. ती हो म्हणते आणि गुपचूप बाहेर कळवते, की लग्नाच्या करारात कॉफीची मुभा लिहून देणाराच नवरा पाहिजे. "ही पिते की स्वतः!" मी म्हणाले. तर म्हणे पेय चालणार नाही. नियमात 'खाणं' होतं. असला नियम कुणी केला होता हे कुणालाच आठवेना, पण पाळला गेला.

शेवटी जेवायला थांबलो. ताटं यायला उशीर होता म्हणून मैत्रिणीनं तिचा हुकमाचा एक्का काढला. संगीतकार कार्ल ऑर्फची गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची रचना 'कार्मिना बुराना', १९३७. त्यात एक हंस गातो. एके काळी तळ्यात राहायचो, सुंदर होतो. आता काळाठिक्कर पडलोय, भाजला जातोय. टेनरला, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष गायकाला, इतक्या वरच्या पट्टीत चढवलंय की आवाज ताणला जाऊन केविलवाणा होतो, आणि तो तसाच व्हावा अशी योजना आहे. सरतेशेवटी हंस ताटात पडून समोरचे करकरणारे दात बघतो. खाल्लं जाणाऱ्याचं गाणं! पिकवणारा झाला, वाहणारा झाला, रांधणारा झाला. हे राहिलंच होतं. नेमकी त्याच वेळी आमची ताटं आली. वहिनीनं दहा दिले आणि फोन पालथा घातला.

जेवणानंतर मात्र घोळ झाला. गाडीत बसल्यावर दादानं हिशेब तपासायला 'डे-ओ' पुन्हा लावलं, तर वहिनीनं सहा दिले. सकाळी नऊ, दुपारी सहा. केळी तीच, हमाल तेच. "सकाळी पोटात काही नव्हतं," एवढंच तिचं स्पष्टीकरण. म्हणजे सकाळचा सगळा निकालच संशयास्पद. फेरमूल्यमापन व्हावं, उपाशीपोटीचे गुण वेगळे धरावेत, सरासरी काढावी, असं बरंच काही दादा बोलत होता. हळूहळू बोलणं तुटक झालं.

माझी शेवटची पाळी उरली होती. 'एल मानिसेरो' मी सकाळपासून राखून ठेवलं होतं. मोइसेस सिमोन्सचं क्युबन गाणं, डॉन अस्पियासूच्या वाद्यवृंदानं १९३०मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. शेंगदाणे विकणाऱ्याची हाळीच त्यात गाणं होते. पुड्या गरम आहेत, लवकर संपतील, आणि बाई, एक पुडी खाल्ल्याशिवाय झोपू नकोस, असं तो आर्जवानं सांगतो. सकाळी लावलं असतं तर नऊच्या खाली आलं नसतं.

मैत्रिणीनं चार दिले. वहिनी म्हणाली, "आता खाण्याचं नाव नको," आणि तीन दिले. दादाच्या गुणांची वाट बघत मी पुढे वाकले, तर तो केव्हाच घोरायला लागला होता. आणि तो विक्रेता विनवतोच आहे, झोपू नकोस, झोपू नकोस.