कॅमेरा कुठला, ते आधी सांगा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत २००६ साली कॉम्प्युटरचं दुकान उघडलं तेव्हा धंदा म्हणजे निव्वळ रिपेरी. विंडोज मारून द्यायचं, जळालेला एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलायचा, सायबर कॅफेतली मशीनं झाडूनपुसून चालू करून द्यायची. लग्नाचं शूटिंग करणारे आमच्याकडे यायला लागले ते फायरवायर कार्डासाठी, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या कार्डासाठी. तेव्हाच्या कॅमेऱ्यांची, मिनी डीव्हीची तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरात उतरवायला तासच लागायचा आणि जागा खायची साधारण १३ जीबी. मध्येच हार्ड डिस्क दुसऱ्या कामात गुंतली की फ्रेम गळायच्या. मग कॅसेट मागं घ्या, परत लावा. तेव्हापासून आमच्या दुकानाचा शिरस्ता पडला तो आजही आहे: विंडोजची डिस्क वेगळी, व्हिडिओची वेगळी.

कोल्हापूरला कॅमेऱ्याचा नाद जुनाच. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःचा कॅमेरा बनवला, १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. लेथवर होण्यासारखं असेल ते आमचं कारखान्यांचं उद्यमनगर आजही करून देतं. कॉम्प्युटरात चित्राचं काम करणारं ग्राफिक कार्ड तेवढं लेथवर निघत नाही, ते बाहेरूनच आणावं लागतं.

कॅसेटी गेल्या, मेमरी कार्डं आली आणि रिपेरीपेक्षा नवीन मशीन बांधायचं काम वाढलं. कागल, गडहिंग्लज, निपाणी, इचलकरंजी, कधी पार कुडाळहून गिऱ्हाईक येतं. बहुतेक जण यूट्यूब बघून यादीच घेऊन येतात. आम्ही यादी बाजूला ठेवून विचारतो, ‘‘कॅमेरा कुठला? एडिटिंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करता, एडियस, प्रीमियर की दा विंची?’’ काहींना राग येतो. ‘‘साहेब, आय सेव्हन प्रोसेसर मागितला तर आय सेव्हन द्या की! चौकशी कशाला?’’

चौकशी कशाला, ते एका मशीनवरून सांगतो. गडहिंग्लजकडचे एक फोटोग्राफर दुसरीकडून घेतलेलं मशीन घेऊन आले. महाग प्रोसेसर, एनव्हीडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, रॅम ३२ जीबी, कागदावर नाव ठेवायला जागा नाही. पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर हळदीची क्लिप टाकली की चित्र अडकत अडकत पुढं सरकायचं. कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडलेला आणि कार्ड निवांत बसलेलं. त्यांनी नवीन कॅमेरा घेतला होता आणि त्यात एच.२६५, १० बिट, ४:२:२ असं सेटिंग लावलं होतं, म्हणजे फाइल घट्ट दाबलेली, पण रंगाची माहिती भरपूर. रंग सुधारायला हे उत्तमच. पण हा प्रकार उलगडणारी सोय एनव्हीडियाच्या कार्डांत आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली, त्याआधीची कितीही महाग कार्डं घ्या, ती याला हात लावत नाहीत. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये मात्र ती अकराव्या पिढीपासून आहे. यांच्या प्रोसेसरच्या नंबराला शेवटी ‘एफ’ होता, म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्सच नाही. विकणाऱ्यानं थोडे पैसे वाचवून दिले होते. त्याच बोर्डात बसणारा, बिन ‘एफ’चा प्रोसेसर बसवला, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन इनबिल्ट ग्राफिक्स चालू केलं. कार्ड तेच, रॅम तीच. तीच क्लिप लोण्यासारखी फिरली. तेव्हापासून आम्ही पेनड्राइव्हवर गिऱ्हाइकाचं स्वतःचं फूटेज मागवतो, दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवतो आणि मगच कोटेशन देतो.

फ्लेक्स आणि पत्रिकावाल्यांचं गणित निराळं. तेही ‘‘एडिटिंगचं मशीन द्या’’ म्हणूनच येतात आणि मोठ्या ग्राफिक कार्डावर अडून बसतात. वाढदिवसाचा २० बाय १० फुटांचा फलक १०० डीपीआयला (इंचाला १०० ठिपके) केला तर २४ हजार बाय १२ हजार पिक्सेल होतात. छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके) त्याचा एक भरलेला लेयर एक जीबीच्या वर जातो. आणि आमच्याकडच्या फलकावर साहेबांच्या खाली शुभेच्छुक किती असतात, ते कोल्हापूरकराला सांगायला नको! प्रत्येकाचा फोटो वेगळ्या लेयरवर, कारण आयत्या वेळी कुणाचा तरी फोटो वर सरकवायचा असतो. इथं रॅम लागते, ३२ जीबी तरी, जमल्यास ६४. शिवाय फोटोशॉपच्या स्क्रॅच डिस्कसाठी, म्हणजे रॅम कमी पडली की लागणाऱ्या जागेसाठी, वेगळी एनव्हीएमई (वेगवान डिस्क). कार्ड साधं चालतं. उरलेले पैसे मॉनिटरला घालायला लावतो: कुठूनही बघितलं तरी रंग न बदलणारं आयपीएस पॅनेल, एसआरजीबी हा रंगांचा ठरलेला पट्टा पुरता भरणारा. स्क्रीनवर भगवा आणि फ्लेक्सवर विटकरी, ही तक्रार कार्डानं सुटत नाही. यात आमचं बिल कमी होतं हे खरं, पण तोच माणूस पुढच्या वर्षी भावाला घेऊन येतो.

साठवणुकीला लोक सर्वांत कमी पैसे ठेवतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलेला एक तास म्हणजे ४५ जीबी. दोन कॅमेरे, वर ड्रोन, हळदीपासून वरातीपर्यंतचं शूटिंग, आता हिशेब करा. चालू काम एनव्हीएमईवर, झालेलं हार्ड डिस्कवर आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी. २०१९ च्या महापुरानंतर भिजलेले कॅबिनेट रिक्षातून दुकानात येत होते. मदरबोर्ड गेला तर नवा मिळतो, पण लोकांच्या लग्नाचं शूटिंग पुन्हा कुठून आणायचं? म्हणून बसवायला गेलो की कॅबिनेट जमिनीवर ठेवू देत नाही. अर्थिंगही बघतो, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमन बोलवायला सांगतो. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर तो वापरत नाही, यावर घासाघीस नाही.

भावाचं म्हणाल तर २०२१ मध्ये ग्राफिक कार्डं मिळेनात, तेव्हा जुनी कार्डं साफ करून, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून लोकांची सराई निभावली. २०२५ च्या अखेरीपासून रॅमनं तेच केलं. कोटेशन आठवडाभर धरून ठेवणं आता परवडत नाही, राग मानू नये. रॅम एकदम जमत नसेल तर दोन पट्ट्यांची जोडी आत्ता घ्या आणि दोन स्लॉट मोकळे ठेवा, म्हणून चार स्लॉटचाच बोर्ड देतो.

तुळशीचं लग्न झालं की सगळ्यांना मशीन दुसऱ्या दिवशी पाहिजे असतं. बांधून झाल्यावर आम्ही ते रात्रभर रेंडरला (व्हिडिओ तयार करायला) लावून तापवून बघतो, त्यामुळं दसऱ्याच्या आसपास आलात तर बरं. येताना फूटेज मेमरी कार्डावर नाहीतर पेनड्राइव्हवर आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, ते क्लिप दाबून एवढीशी करतं, आणि तशी क्लिप आमच्या बिलिंगच्या मशीनवरसुद्धा मस्त चालते.