नुसतं पायथन म्हणजे कुठलं?

परवा राजारामपुरीत मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, त्यानं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू करायला टर्मिनलला (कमांड द्यायच्या खिडकीत) पायथन टाइप केलं तर कमांडच सापडंना, म्हणतोय "भावा, हे इन्स्टॉलच झालं नाही की". झालंय रे, पण त्याचं नाव पायथन३ आहे! आधी नुसतं पायथन म्हटलं की जुनी आवृत्ती २.७ सुरू व्हायची, जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत म्हणून धाकट्याला, म्हणजे नव्या ३ ला, आकडा चिकटवला. आर्च लिनक्स या दुसऱ्या प्रकारवाल्यांनी मात्र २०१० लाच नुसतं पायथन म्हणजे ३ करून टाकलं, नाद खुळा! १ जानेवारी २०२० ला २ चा सपोर्ट संपला तरी हा आकडा काय सुटंना. शेवटी पायथन-इज-पायथन३ नावाचं पॅकेज (खरंच असं नाव आहे) टाकलं, त्यानं नुसतं पायथन म्हटलं तरी ३ सुरू होतं, आणि मग मिसळ खायला गेलो.