टेकडीवरचा रिपीटर अन् नकली ट्रान्झिस्टर
आज मेळघाटाच्या पायथ्याशी टेकडीवर चढलो, हॅम रेडिओच्या (हौशी लोकांच्या वायरलेसच्या) रिपीटरची सिग्नल फेकायची ताकद गेली होती म्हणून. बकऱ्या चारणारे एक काका विचारत होते, "मोबाईलचा टावर व्हय का भाऊ?" नाही जी. हा एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो अन् त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ बाजूला तेच बोलतो, अँटेना एकच. स्वतःच्याच आवाजानं बहिरा होऊ नये म्हणून डुप्लेक्सर, म्हणजे दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारी गाळणी.

डुप्लेक्सर ठणठणीत निघाला. गेला होता टूएससी१९७१, १७५ मेगाहर्ट्झवर ६ वॅट देणारा, सिग्नलची ताकद वाढवणारा मित्सुबिशीचा जुना ट्रान्झिस्टर. उत्पादन कधीचंच बंद, अन् ऑनलाइन मिळतात ते बहुतेक नकली, वरचा छापा मात्र झकास! ओळखायची एक खूण: अस्सल पीसचा मागचा पत्रा एमिटर नावाच्या पायाला जोडलेला असतो, यात तो मधला पाय. या आकाराच्या साध्या ट्रान्झिस्टरमध्ये तोच पत्रा बहुधा कलेक्टर नावाच्या पायाला असतो. मल्टीमीटर लावला की पितळ उघडं. पाकिटातले सगळे नापास. भंगारातल्या जुन्या सेटमधून काढलेला एकच पास झाला, तोच डकवला. आता चालू आहे.

विजांचे दिवस येण्याआधी अर्थिंगही बघायचं आहे. कोणाकडे मेलेले व्हीएचएफ वायरलेस सेट पडले असतील तर फेकू नका राजेहो, मला कळवा.