इंजिन बंद, आतला दिवा चालू

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशिकला आलो की कुणीतरी हमखास विचारतंच, "अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे हाल ऐकतो आम्ही. पण जो पोरगा शिकला, बक्कळ कमावतो, त्याला आता कसला ताण?"

अटलांटात माझा टीम लीड ३१ वर्षांचा कृष्णवर्णीय इंजिनियर होता. एका रात्री त्याच्या गाडीतून जेवायला निघालो आणि मागे पोलिसांचे निळे दिवे लागले. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आतला दिवा लावला, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मला हळूच म्हणाला, "हात दिसतील असे ठेव. मोबाईलला हात लावू नकोस." कारण काय, तर नंबर प्लेटचा दिवा गेला होता. पण त्याआधी "गाडी कुणाची?" हे दोनदा विचारून झालं. पाच मिनिटांत सुटलो. हॉटेलात तो नेहमीसारखाच गप्पा मारत होता, शर्ट तेवढा पाठीला चिकटलेला. हा सगळा क्रम आईनं त्याच्याकडून बाराव्या वर्षी घोकून घेतला होता. त्या वयात मी पाढे घोकत होतो.

ही एकट्याची गोष्ट म्हणाल, तर कृष्णवर्णीय टेनिसपटू जेम्स ब्लेक बघा. एकेकाळी जगात चौथा. २०१५ मध्ये मॅनहॅटनच्या हॉटेलबाहेर यूएस ओपनला नेणाऱ्या गाडीची वाट बघत उभा होता. साध्या वेशातल्या पोलिसानं भलताच माणूस समजून त्याला जमिनीवर आपटलं. कृष्णवर्णीय सिनेटर टिम स्कॉट यांनी तर २०१६ मध्ये सभागृहातच सांगितलं, की एका वर्षात पोलिसांनी आपल्याला सात वेळा अडवलं.

आणि पैसा तरी टिकतो का? अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढूनही काळे मुलगे पुढे गोऱ्यांपेक्षा कमी कमावतात. मुलींमध्ये ही तफावत जवळपास नाहीच.

त्यात पगाराच्या दिवशी घरून फोन. बहिणीची फी, मामाच्या घराचं छप्पर. याला 'ब्लॅक टॅक्स' असंही म्हणतात. आपल्याकडे घरातला पहिला कमावता असलेल्याला हे वेगळं समजावायला नको.

माझा टीम लीड शनिवारीही ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरायचा. मी एकदा त्यावरून हसलो होतो, त्या रात्रीच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं नंबर प्लेटचा दिवा बदलून घेतला. ऑफिसला २० मिनिटं उशीर झाला, म्हणून सगळ्यांना माफीचा मेल टाकला. कारण लिहिलं होतं : गाडीचं किरकोळ काम.